सातबारा तिसऱ्या मजल्यावर, नकाशा सातव्या

पहाटेचे तीन वाजून बारा मिनिटं. ब्रिज कॉलवर एकतीस माणसं. त्यातली सव्वीस गप्प. दोघं आळीपाळीने "माझा आवाज येतोय का" विचारतायत, एकाच्या घरी कुत्रं भुंकतंय, एक मॅनेजर दर चार मिनिटांनी "ईटीए काय?" एवढंच म्हणतोय आणि उरलेला एक, आमचा बार्शीचा पोरगा, काम करतोय. काम म्हणजे एक सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करायची. त्याने केली. तीन वाजून एकोणीस मिनिटांनी तुंबलेल्या पेमेंटच्या फाइली सरकायला लागल्या, मॅनेजरने एकतीस जणांच्या टीमवर्कचे आभार मानले, तिकिटावर 'रिझॉल्व्ड' उमटलं. एसएलए, म्हणजे ठरल्या वेळेत दुरुस्त करू हा ग्राहकाला दिलेला शब्द, वाचला. पोरगा झोपला.

हे तो चौदा महिने करत होता. महिन्यातून तीन-चारदा, कारण ती सर्व्हिस महिन्यातून तीन-चारदा मरायची. त्याच्या वहीत तिची कुंडलीच होती: महिनाअखेर, सुट्टीनंतरचा पहिला दिवस, आणि एखादा उगाचचा बुधवार. कंपनी हिंजवडीतली, ग्राहक परदेशातला. दोघांचीही नावं सांगत नाही. करारात तसं कलम आहे, शिवाय माझी ग्रॅच्युइटी अजून हातात पडलेली नाही.

त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर, जिथलं कॉफीचं मशीन खरंच कॉफी देतं, एका मीटिंग रूमच्या भिंतीवर त्याच ग्राहकाच्या अख्ख्या आयटीचा नकाशा होता. प्लॉटरवर छापलेला, लॅमिनेशन केलेला, दारापासून खिडकीपर्यंत. पिवळे चौकोन धंद्याचे, निळे ॲप्लिकेशनचे, हिरवे यंत्रांचे. पोरगा रात्री जिला उठवायचा ती सर्व्हिसही त्यात होती, डावीकडे खाली, खुर्चीच्या पाठीमागे झाकली जाईल अशा जागी. तिच्याभोवती ठिपक्यांची रेघ. ठिपक्यांची रेघ म्हणजे 'ही जाणार आहे, हिच्याकडे लक्ष देऊ नये'.

तिसऱ्या मजल्यावर चालतं त्याला आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट म्हणतात. सातव्यावर चालतं ते एंटरप्राइज आर्किटेक्चर. ज्यांचा या दुनियेशी संबंध जावयाच्या पॅकेजपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: खालचे लोक चाललेलं चालू ठेवतात. बिघाड, तक्रारी, बदल, कुठलं यंत्र कुणाच्या नावावर, सगळं त्यांच्या वहीत. वरचे लोक ठरवतात की धंद्याला काय लागतं, त्यासाठी कुठली ॲप्लिकेशनं हवीत, कुठली नकोत आणि चार-पाच वर्षांनी हे सगळं कसं दिसावं. खालच्यांची पोथी आयटिल, वरच्यांची टोगॅफ. दोन्हीकडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. २६ बरोबर आले की आयटिल येतं, २४ बरोबर आले की टोगॅफ. एकमेकांशी बोलायला येतं का, हा प्रश्न दोन्ही पेपरांत नाही.

दोन्ही पोथ्या मूळच्या सरकारी बरं का. आयटिल काढलं ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए नावाच्या संगणक खात्याने, १९८०च्या दशकाच्या अखेरीस. खात्याखात्यांतून संगणकावर पैसा जातोय, सेवा काही धड मिळत नाही, ही रड. पहिली पुस्तकं १९८९ची, मग ती वाढत वाढत तिसाच्या वर गेली, तेव्हा कुठे कुणाला वाटलं की आवरा आता. टोगॅफ १९९५चं, द ओपन ग्रुपचं, पण त्याचं बियाणं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या टॅफिम नावाच्या चौकटीतलं. त्याही आधी, १९८७ साली, आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी माहिती यंत्रणेचा आराखडा रकान्यांत मांडून दाखवला होता. पुढे त्यात काय, कसं, कुठे, कोण, कधी, का असे सहा प्रश्न झाले. म्हणजे एक फाइल ब्रिटिश, एक अमेरिकन. आणि दोन खात्यांच्या फाइली आपणहून एकमेकींना भेटत नाहीत, हे कळायला मराठी माणसाला परीक्षा द्यावी लागत नाही.

त्याने सातबारा काढलेला असतो.

शेतजमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, नकाशा भूमी अभिलेखवाल्यांकडे. सातबाऱ्यावर क्षेत्र किती, नाव कुणाचं, बोजा कसला, पीक काय. नकाशावर बांध कुठे, वाट कुठे, ओढा कुठे. नुसता सातबारा बघून जमीन घेणाऱ्याला पावसाळ्यात कळतं की एकोणीस गुंठे आहेत खरे, आत बैल न्यायला वाट नाही. नुसता नकाशा बघून घेणाऱ्याला कळतं की तुकडा झकास आहे, फक्त त्यावर चुलत्यांची सहा नावं आणि सोसायटीचं कर्ज आहे. दोन्ही कागद खरे, दोन्ही शिक्क्याचे, आणि दोन्ही हातात धरून शेतात उभं राहिल्याशिवाय काडीच्या उपयोगाचे नाहीत.

आयटिलमधली सीएमडीबी म्हणजे हा सातबारा. सगळे सर्व्हर, त्यांवर काय चालतं, कशावर काय अवलंबून, मालक कोण. चेंज म्हणजे फेरफार. तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीला मुदत मिळते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आमच्याकडे चेंज रेज करतात, कॅबची, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्या मंडळाची, बैठक बसते, हरकती विचारतात, मंजुरी पडते. कॅबमध्ये हरकत घेणारा चुलता मात्र नसतो, म्हणून वीस फेरफार अर्ध्या तासात उरकतात.

वारसनोंदीची बोंब दोन्हीकडे सारखीच. सातबाऱ्यावर पणजोबा हयात असतात. आमच्या सीएमडीबीत त्या वारंवार मरणाऱ्या सर्व्हिसचा मालक म्हणून ज्याचं नाव होतं तो गृहस्थ तीन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन बंगळूरला गेला होता. अलर्टचे मेल मात्र इमानेइतबारे त्याच्याच पत्त्यावर जात होते.

टोगॅफमध्ये रीत सरळ सांगितलीय. आज काय आहे ते मांडा, उद्या काय हवं ते मांडा, दोहोंतली तफावत काढा, मग ती भरून काढायचा रस्ता आखा. ए ते एच अशी आठ टप्प्यांची फेरी, प्रदक्षिणा घातल्यासारखी, संपली की पुन्हा ए. यातलं 'आज काय आहे' हे तिसऱ्या मजल्याच्या वहीतून उतरवून घ्यायचं, इतकं ते सोपं. आमच्या सातव्या मजल्याने काय केलं? सगळ्या टीमना एक्सेल पाठवलं. चाळीस कॉलमांचं. शुक्रवारपर्यंत भरून द्या. खाली सीएमडीबी आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास तिसऱ्या मजल्याचाही नव्हता, पण ते बाहेर बोलत नसत.

भांडणाचं मूळ मात्र एका शब्दात आहे. 'चेंज' दोन्ही मजल्यांवर म्हणतात. खाली त्याचे तीन प्रकार: स्टँडर्ड, नॉर्मल, इमर्जन्सी. म्हणजे नेहमीचा, विचारून करायचा आणि आग लागलीय म्हणून करायचा. वर, टोगॅफच्या एच टप्प्यात, त्याचेही तीनच प्रकार: सोपं करणारा, थोडी भर घालणारा आणि मुळापासून पुन्हा मांडायला लावणारा. खालचा विचारतो, हे करताना काही पडेल का. वरचा विचारतो, हे केल्यावर घराचं घरपण राहील का. दोन्ही प्रश्न एकाच बदलाचे. एका फॉर्मवर शेजारी शेजारी ठेवायला एक रकाना वाढवावा लागतो. आमच्याकडे तो रकाना यायला दोन वर्षं आणि एक स्टिअरिंग कमिटी लागली.

रकाना नसला की काय होतं? फायरवॉलमध्ये एक वाट उघडून द्या, हा खाली स्टँडर्ड चेंज. धोका कमी, मंजुरी आधीच दिलेली, दिवसाला दोन. नकाशाप्रमाणे ज्या दोन यंत्रणांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही त्यांच्यामध्ये दीड वर्षात अशा साठ वाटा उघडल्या. प्रत्येक फेरफार नियमाला धरून. शेतातून एकेक जण जाता जाता पायवाट पडते, पायवाटेची वहिवाट होते, आणि बांध पुन्हा घालायला गेलात की समोरचा मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदारांकडे उभा असतो. सातव्या मजल्याने या दोन यंत्रणांपैकी एक बंद करायची घोषणा केली त्या आठवड्यात आमच्याकडेही असंच सगळं गाव दारात आलं.

(याच चेंजचं आयटिलमधलं नाव २०१९च्या आवृत्तीत आधी 'चेंज कंट्रोल' झालं आणि लगेच 'चेंज एनेबलमेंट'. त्या फेरफाराला कुणाची हरकत आली नाही.)

आता एक गोष्ट नावानिशी सांगतो, कारण ती अमेरिकेच्या रोखे नियामकाच्या आदेशात छापलेली आहे.

नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातली मोठी पेढी. १ ऑगस्ट २०१२ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी सोय सुरू होणार होती. नाइटने त्यासाठी आपल्या ऑर्डरी बाजारात धाडणाऱ्या यंत्रणेत, तिचं नाव स्मार्स, नवा कोड घातला. त्याच यंत्रणेत 'पॉवर पेग' नावाचं एक जुनं काम पडून होतं. २००३पासून वापर बंद, पण काढून टाकलेलं नाही. माळ्यावरच्या पितळी बंबासारखं. कधीतरी लागेल, नाहीतर मोडीत घालू. नव्या कोडला जागं करायला जी खूण निवडली, ती नेमकी या पॉवर पेगचीच जुनी खूण. नव्या भाडेकरूला मयताचा टेलिफोन नंबर दिला, आणि मयत घरातच.

सर्व्हर आठ. २७ जुलैपासून थोडे थोडे करत नवा कोड चढवला. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कुणी ताडून पाहिलं नाही. ताडून पाहावं असा लेखी नियमच नव्हता.

१ ऑगस्टला सकाळी आठ वाजून एक मिनिटापासून यंत्रणा आपणहून मेल धाडायला लागली. बाजार उघडायच्या आत ९७ मेल. त्यांत पॉवर पेगचा नावानिशी उल्लेख. पण हे मेल म्हणजे धोक्याची घंटा असं कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते कुणी वाचले नाहीत. ज्याच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले चार हजार मेल आहेत त्याने इथे हसू नये.

साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हर शहाण्यासारखे वागले. आठव्यावर पॉवर पेग उठून बसला आणि त्याला जे येत होतं ते करायला लागला: शेअर घे, शेअर वीक, घे, वीक. ऑर्डर पुरी झाली, आता थांब, हे त्याला एके काळी कळायचं. २००५ साली तो मोजणारा भाग दुसरीकडे हलवला आणि हलवल्यावर पॉवर पेग पुन्हा तपासला नाही. कशाला तपासायचा, बंदच तर होता. २१२ ऑर्डरींपोटी चाळीस लाखांवर सौदे झाले, १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअरची उलाढाल झाली. पाऊण तासात.

आणि त्या पाऊण तासातला सगळ्यात सुन्न करणारा भाग असा. लोकांना वाटलं, आज नवा कोड घातलाय, तोच नडला. त्यांनी रोलबॅक केला. म्हणजे ज्या सात सर्व्हरांवर नवा कोड धड चालत होता तिथून तो काढला. आता आठही सर्व्हरांवर पॉवर पेग.

नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर. नियामकाचा दंड १ कोटी २० लाख डॉलर, तो पुढच्या वर्षी. तोवर पेढी दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली होती.

मी ही गोष्ट दोन्ही मजल्यांवर सांगून पाहिली. तिसरा मजला म्हणाला, ही आर्किटेक्चरची चूक, मेलेला कोड ठेवलाच कशाला? सातवा म्हणाला, ही ऑपरेशनची चूक, आठवा सर्व्हर राहिलाच कसा? दोघंही बरोबर, आणि दोघांनीही समाधानाने चहा घेतला.

अहो, पण रोलबॅकचं काय? ती चूक कुठल्या मजल्याची? कुठल्या सर्व्हरवर काय चढलंय हे वही सांगते. नवं काढलं की खालून काय वर येतं हे नकाशा सांगतो. त्या मिनिटाला दोन्ही कागद एका माणसाच्या हातात हवे होते. त्यापैकी एक जरी नसेल तर तो माणूस पूर्ण शुद्धीत, पूर्ण मंजुरीने, सात घरांना आग लावून आठव्याची विझवायला निघतो.

आमच्याकडे ४६ कोटी कुणी बुडवले नाहीत. आमचं सगळं किरकोळीत चालतं. पण किरकोळीची वही एकदा मी उघडली.

आयटिलने जी काही शहाणपणाची कामं केली त्यात एक हे: इन्सिडंट वेगळा, प्रॉब्लेम वेगळा. भिंतीवर ओल आली तो इन्सिडंट, पुसून रंग मारता येतो. आतला पाइप सडलाय तो प्रॉब्लेम. बार्शीकराची पन्नासेक तिकिटं हे इन्सिडंट. त्यांच्या मागे एक प्रॉब्लेम तिकीट असायलाच हवं, आणि होतं. स्थिती: 'नोन एरर', म्हणजे दुखणं माहीत आहे. तात्पुरता उपाय: सर्व्हिस रिस्टार्ट करावी. कायमचा उपाय: आर्किटेक्चर टीमकडे पाठवावे. पाठवलं होतं का? नाही. कारण तिकिटाच्या टूलमध्ये 'कुणाकडे' या यादीत आर्किटेक्चर टीम हा गटच नव्हता. त्यांचं टूल वेगळं. त्यात चित्रं काढता येतात, तिकीट घेता येत नाही.

मग मी वरच्या टूलमध्ये पाहिलं. ती ठिपक्यांची सर्व्हिस काढून टाकण्याचं काम रोडमॅपवर होतं. प्राधान्य: कमी. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: 'व्यवसायावरील परिणाम ज्ञात नाही.'

परिणाम चार मजले खाली पन्नास तिकिटांत मिनिटासकट लिहिलेला होता. कितीदा पडलं, किती वेळ पडलं, किती फाइली अडकल्या, कोण ओरडलं. आर्किटेक्चरचा एवढा खरा दस्तऐवज जगात दुसरा नसेल, फक्त तो दस्तऐवज म्हणून कुणी छापलेला नव्हता.

एका दुपारी मी पोराला घेऊन सातव्या मजल्यावर गेलो. आर्किटेक्टसाहेब होते. पोराच्या हातात लाल मार्कर दिला. म्हटलं, तुला रात्री जिथे जिथे उठावं लागतं तिथे तिथे एक टिंब दे. तो आधी बिचकला. लॅमिनेशन केलेल्या वस्तूवर लिहायचं नाही हे संस्कार शाळेतले. मग एक टिंब दिलं. मग शेजारी दुसरं. मग खुर्ची बाजूला ओढून खाली वाकून बरीच. त्याने खालून आणखी दोघांना बोलावलं. अर्ध्या तासात नकाशाला कांजिण्या झाल्या.

पाहण्यासारखं होतं ते असं. ज्या मोठ्या निळ्या चौकोनांवर सगळे प्रोजेक्ट, सगळं बजेट, सगळी टाउन हॉलमधली भाषणं होती, ते बऱ्यापैकी गोरेगोमटे. टिंबं होती ती चौकोनांना जोडणाऱ्या बाणांवर. कोवळ्या, एका पिक्सेलच्या बाणांवर. इथून फाइल निघते, तिथे जाते; एवढंच. चौकोनाला मालक असतो, त्याचा लोगो असतो, त्याच्या नावाने केक कापतात. बाणाला कोण असतं? बांधासारखं असतं ते. दोन्हीकडचे शेतकरी एकेक तास कोरत राहतात आणि मोजणी आली की दोघंही म्हणतात, आमच्या बाजूला सरळ आहे.

आर्किटेक्टसाहेब बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "हे पुसलं जाईल ना?"

इथे मला त्यांची टर उडवून हा लेख संपवता आला असता, आणि खालच्या मजल्यावर मला कुणीतरी चहा पाजला असता. पण झालं भलतंच. साहेबांनी चष्मा वर केला, बोटाने तीन टिंबं दाखवली. एक वर उजवीकडे, एक मधोमध, एक आपल्या ठिपक्यांच्या सर्व्हिसवर. "ही तिन्ही एकाच रात्री येतात का?" पोराने वही काढली. येत होती. तीन वेगळ्या टीम, तीन वेगळी प्रॉब्लेम तिकिटं, तीन वेगळे आरसीए, म्हणजे मूळ कारणाचे अहवाल, आणि प्रत्येक आरसीएत कारण म्हणून शेजारच्या टीमचं नाव. "तिन्ही एकाच फाइल ट्रान्सफरवर लटकलीत," साहेब म्हणाले. "तो उशिरा आला की आधी ही पडते, मग ही, मग तुझी. तुझी शेवटची आहे म्हणून तिचा आवाज मोठा." चौदा महिन्यांत, पन्नास रात्रींत, हे पोराला दिसलं नव्हतं. त्याला दिसणारही नव्हतं. तो त्या घराच्या मोरीत उभा होता, आणि साहेब होते गच्चीवर. गच्चीवरून गळती दिसत नाही हे खरं, पण तिन्ही मोऱ्यांचा पाइप एक आहे हे मोरीतूनही दिसत नाही.

साहेबांची पोथी आणि पोराची वही एकमेकींना पूरक आहेत, हे सांगणारे स्लाइड डेक मी आजवर पुष्कळ पाहिलेत. दोन वर्तुळं, मधे एकमेकांवर चढलेली, चढलेल्या भागात 'सिनर्जी'. त्या दुपारी पहिल्यांदा वर्तुळं नव्हती.

पोथ्यांनाही हे माहीत नाही असं नाही. आयटिलच्या चौथ्या आवृत्तीत चौतीस पद्धती सांगितल्यात, त्यात 'आर्किटेक्चर मॅनेजमेंट' ही एक आहे. टोगॅफमध्ये जी टप्पा बांधकामावर देखरेख ठेवायचा आणि एच टप्पा बांधून झाल्यावर काय काय बदलतंय ते बघायचा. द ओपन ग्रुपने तर २०१५ साली आयटीफॉरआयटी नावाची वेगळी चौकटच पुढे आणली. आखणीपासून दुरुस्तीपर्यंत आयटीचं सगळं काम, तेव्हा चार प्रवाहांत, एकसलग मांडायचं, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मजल्यामध्ये लिफ्ट बसवायची. लिफ्ट चांगली आहे. आमच्याकडे तिचंही प्रशिक्षण झालं, दोन्ही मजल्यांचं, वेगवेगळ्या बॅचमध्ये.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये लाखो ग्राहकांची खाती जुन्या घरातून नव्या यंत्रणेवर हलवली. नव्या घराचा नकाशा देखणा. आकडे, नावं, शिल्लक, सगळं सामान नीट पोचलं; हे नियामकांनीही मान्य केलं. पण पोचल्या पोचल्या नव्या घराचे नळ, दिवे, दारं एकेक करून बंद पडली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ साली दंड बसला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड. नवं घर बांधायचं ठरवणाऱ्यांच्या खोलीत, ते रोज चालवणार कोण आणि कसं, हा प्रश्न जेवढ्या मोठ्याने विचारायला हवा तेवढा विचारला गेला नाही, एवढंच मी म्हणेन. बाकी अहवाल जाडजूड आहेत, हौस असेल त्यांनी वाचावेत.

आमच्या फाइल ट्रान्सफरचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुरुस्ती अडीच आठवड्यांची निघाली. खर्च कुणी करायचा यावर चार महिने गेले. चालू ठेवायचा पैसा 'रन' खात्यात, नवं करायचा 'चेंज' खात्यात. दुरुस्ती नवं करणं आहे की चालू ठेवणं? दोन्ही खातेप्रमुखांनी एकमेकांना फार आदराने मेल लिहिले. दरम्यान सर्व्हिस मरतच होती आणि पोरगा उठतच होता.

तेव्हा मी एक सूचना केली. आर्किटेक्टने तिमाहीतून एक आठवडा ऑनकॉल राहायचं. फोन त्याच्या उशाशी. एचआरने विचारलं, ग्रेडला शोभेल का. साहेब स्वतःच म्हणाले, शोभेल. भला माणूस.

पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्रीही. गुरुवारी महिनाअखेर. तीन वाजून चौदा मिनिटांनी बार्शीकराच्या मोबाइलवर मेसेज आला.

"झोपलास का? ही सर्व्हिस नकाशावर सापडत नाहीये."

"सर, नवीन नकाशात तुम्ही काढली ती. गेल्या महिन्यात."

"मग चालू कशी आहे?"

"खाली चालू आहे सर."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "रिस्टार्टची कमांड पाठव."

पोराने कमांड टाइप केली. पाठवायला अंगठा उचलला, थांबला, सगळी खोडली आणि लिहिलं:

"सर, आधी तिकीट टाका."